मला डेल्फ्ट दाखवायला नेलं तेव्हा

मे महिना लागला की आमच्या सोसायटीला युरोपचा ताप चढतो. पार्किंगमध्ये नव्या चाकांच्या बॅगा उघड्या पडतात, कुणीतरी घरातला वजनकाटा खाली आणतं, आणि चिवडा, मेतकूट, थेपले यांच्या पिशव्या एका बॅगेतून दुसरीत फिरत राहतात. मानेभोवती फुगीर उशा अडकवलेली सत्तरीतली जोडपी लिफ्टमध्ये भेटतात. किती दिवसांत किती देश, हे ती न विचारता सांगतात. देश म्हणजे जणू लग्नाच्या पंगतीतले पदार्थ, एकही सुटता कामा नये. जूनमध्ये हीच माणसं सुजलेल्या पायांनी परत येतात आणि माझ्या सोफ्यावर बसून फोनवरचे फोटो दाखवतात. चर्च, पूल, चर्च, चॉकलेटचं दुकान, पुन्हा चर्च. कुठलं गाव म्हणून विचारलं तर नवरा-बायकोत वाद होतो, आणि तो वाद हाच त्या सगळ्या कार्यक्रमातला मला आवडणारा भाग असतो.

शेवटी त्या बायका विचारतात, की तुम्हीही तर मुलाकडे जाऊन आलात, तुम्ही काय पाहिलंत? मी सांगते, डेल्फ्ट पाहिलं. कसं आहे म्हणाल्या की म्हणते, स्वच्छ आहे. त्यांचं समाधान होतं. परदेशाबद्दल आपल्या लोकांना एवढंच ऐकायचं असतं.

त्या गेल्यावर दुपार उरते. पंखा गरम हवा ढवळत राहतो, समोरच्या बांधकामावरची मिक्सरची घरघर थांबते, आणि मला त्या मे महिन्यातली थंडी आठवते. मे महिन्यात थंडी, हीसुद्धा एक शिष्टपणाचीच गोष्ट. ऊन लख्ख पडलेलं, आणि वारा मात्र स्वेटरच्या विणीतून शिरणारा. कालव्याच्या पाण्याचा कुबट वास, कुठूनतरी तळलेल्या बटाट्यांचा, आणि सगळ्यावर चढलेला कॉफीचा. त्या वासात माझा मुलगा फोनवरून वाचून दाखवत उभा आहे, की हे चर्च किती जुनं. मी त्याच्याकडे बघते आहे, आणि मला कळतं आहे की हा माणूस माझ्याशी खोटं बोलतो आहे. चर्चबद्दल नव्हे.

निखिल नेदरलँड्सला गेला त्याला बरीच वर्षं झाली. आयटीतली नोकरी. मागोमाग सून, केतकी, नवऱ्याच्या डिपेंडंट व्हिसावर गेली. पुण्यात चांगली अकाउंट्सची नोकरी करणारी मुलगी. तिथे तीन हिवाळे खिडकीत बसून काढले, मग डच शिकली, मग कामाला लागली. नात ईरा तिथलीच. तिला मराठी सगळं कळतं. उत्तर मात्र मला इंग्रजीत आणि आईबापांना डचमध्ये. मी तिला एकदा म्हटलं, की आजीला कधीतरी मराठीतून उलटून बोल, कान तृप्त होतील. ती हसली आणि इंग्रजीत हो म्हणाली.

त्यांचं घर नीउ-व्हेनेप नावाच्या गावात. गाव म्हणायचं, पण गावासारखं त्यात काही नाही. एकासारखं एक घर, एकासारखी एक खिडकी, प्रत्येक खिडकीत एकासारख्या दोन कुंड्या. मी पोहोचले त्या दिवशी घर इतकं आवरलेलं होतं, की मला हॉस्पिटलमधल्या स्पेशल रूमची आठवण झाली. पहिल्या संध्याकाळी निखिल माझ्यासाठी चहा करायला उठला आणि चमच्यासाठी त्याने ड्रॉवर उघडला. आत फडकी होती. त्याने दुसरा उघडला, त्यात फॉइलचे रोल. केतकी काही न बोलता पुढे झाली आणि तिसऱ्यातून चमचा काढून त्याच्या हातात दिला. तो म्हणाला, थँक यू. ती म्हणाली, नो प्रॉब्लेम.

मी आयुष्यभर टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते, ट्रंक कॉलच्या काळापासून. कानाला हेडफोन लावून दुसऱ्यांचे आवाज जोडून देण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. कुणाचं बोलणं ऐकायचं नाही असा नियम होता, आणि जोडताना दोन वाक्यं कानावर पडायचीच. त्या दोन वाक्यांत मला पुरतं कळायचं. ज्यांचं बरं चाललेलं असतं ते एकमेकांना अर्ध्यात तोडतात, "ते जाऊ दे, तू आधी ऐक" म्हणतात. जिथे दोन्ही बाजू एकमेकांचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबतात, तिथे मामला वकिलापर्यंत गेलेला असतो. माझ्या नवऱ्याने मला जन्मात थँक यू म्हटलं नाही. त्याने म्हटलं असतं तर मी त्याला डॉक्टरकडे नेलं असतं.

आठवडाभर ते घर आभारप्रदर्शनाच्या सभेसारखं चाललं. रात्री निखिल खालच्या सोफ्यावर झोपायचा. अमेरिकेशी मीटिंग असते म्हणे. असेलही. मग एका सकाळी दोघांनी मिळून जाहीर केलं, की आपण डेल्फ्टला जायचं, तीन दिवस, हॉटेलात राहायचं. ट्रेनने तासाभराच्या आतबाहेरचं गाव. मी विचारलं, की सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येत नाही का. निखिल म्हणाला, की आई, तुझे गुडघे. शिवाय जरा क्वालिटी टाइम मिळेल.

क्वालिटी टाइम हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदाच जवळून पाहिला. साधा वेळ ज्यांच्याकडे उरत नाही त्यांनी तो काढला असावा.

तर डेल्फ्ट. गाव देखणं आहे, हे नाकारत नाही. पण ते देखणं आहे हे त्या गावालाही ठाऊक आहे, आणि तिथेच माझं त्याच्याशी बिनसलं. मधोमध एक चौक, एका टोकाला उंच मनोऱ्याचं चर्च, दुसऱ्या टोकाला लाल झडपांच्या खिडक्यांची नगरपालिका. चौकातून फुटणारे कालवे, कालव्यावर ठेंगणे पूल, पुलाच्या कठड्यांना साखळ्यांनी बांधलेल्या सायकली. सायकलींच्या टोपल्यांतही प्लॅस्टिकची फुलं. सगळं इतकं पुसून ठेवलेलं, की चुकून थुंकी गिळतानाही आपण काही नियम मोडतो आहोत असं वाटावं.

चर्चमध्ये तिकीट काढून गेलो. त्यांच्या राजघराण्यातली माणसं तिथे पुरलेली आहेत. संगमरवरी राजा डोळे मिटून आडवा, पायाशी त्याचं कुत्रं. लोक त्या कुत्र्याचे फोटो काढत होते. निखिलने सगळी माहिती फोनवरून वाचून दाखवली, केतकीने योग्य जागी "ओह" म्हटलं, ईराने जांभई दिली. माझी सहानुभूती ईराकडे होती.

मग निळ्या-पांढऱ्या थाळ्या. त्या गावाची जगप्रसिद्ध वस्तू. दुकानात गेल्यावर कळलं, की जुन्या काळी चीनची भांडी महाग पडायला लागली, तेव्हा इथल्या लोकांनी त्यांची नक्कल केली. आता नक्कल अस्सल झाली आहे. पवनचक्की काढलेली एक बशी एवढी महाग, की मी ती उचलली तेव्हा दुकानातल्या बाईचा श्वास अडकला. शेजारी मराठी बोलणारं एक कुटुंब होतं, मुंबईकडचं. त्यातला पुरुष बायकोला सांगत होता, की घेऊन टाक, पुन्हा येणार आहोत का. ती म्हणत होती, की शोकेसमध्ये जागा नाही. त्या दोघांचं भांडण ऐकून मला बरं वाटलं. माझ्या बाजूला दोन अतिसभ्य माणसं एकमेकांना विचारत होती, की आईसाठी काही घ्यायचं का, तुला काय वाटतं, नाही नाही, तुला काय वाटतं.

फोटो तर इतके काढले, की माझं तोंड दुखलं. आई इथे उभी राहा, आई जरा इकडे बघ, आई हास. पुलावर मी आणि ईरा. चर्चपुढे मी आणि निखिल, फोटो काढणारी केतकी. ट्यूलिपच्या कुंडीपाशी मी आणि केतकी, फोटो काढणारा निखिल. दुसऱ्या दिवशी सकाळी एक डच बाई सायकल थांबवून उतरली. भली बाई. तिने खुणेनेच विचारलं, की तुम्हा चौघांचा एकत्र काढून देऊ का. आणि दोघंही एका श्वासात डचमध्ये नको, थँक यू म्हणाले. त्या तीन दिवसांत त्यांचं पूर्ण एकमत झालेलं मी तेवढंच पाहिलं.

बाई सायकलवर चढून निघून गेली. माझ्या मनात शंका उरली नाही.

हॉटेलातही दोन खोल्या होत्या. एकीत आम्ही तिघी, दुसरीत निखिल एकटा. तो घोरतो, असं कारण. माझा मुलगा घोरत नाही. त्याचा बाप घोरायचा, आणि मी तीस वर्षं त्याच खोलीत झोपले.

त्या दुपारी बोटीत बसायचा कार्यक्रम होता. बोटीत बसून कालव्यातून फिरायचं, गळ्यात माइक अडकवलेला माणूस तीन भाषांत विनोद करतो, ते ऐकायचं. रांग मोठी होती. निखिल ईराला घेऊन तिकिटांच्या खिडकीकडे गेला. कालव्याच्या काठावर कडुलिंबासारखं काही झाड होतं, त्याखाली बाकावर मी आणि केतकी बसलो. पाण्यावर बारीक हिरवी पानं साचली होती आणि दोन बदकं त्यातून आपापल्या वाटा पाडत चालली होती. केतकी मला समोरच्या घरांची माहिती देऊ लागली, की ती इतकी अरुंद का, वरच्या आढ्याला आकडा कशासाठी.

मी तिला विचारलं, "तुम्ही कधीपासून वेगळे राहता?"

ती थांबली. ती रडली नाही, दचकलीही नाही. आपल्या पर्सची चेन तिने एकदा उघडली आणि परत लावली.

"ऑक्टोबरपासून," ती म्हणाली. "तो रॉटरडॅमला राहतो. तुम्ही येणार म्हणून परत आला, तेवढ्यापुरता."

मग तिने सगळं सांगितलं. खेमेंटेत, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, निखिलचा पत्ता बदलूनही झाला होता. ईरा शनिवार-रविवार त्याच्याकडे जाते. कागदपत्रं चालू आहेत. कुणी तिसरं माणूस नाही, कुणी कुणावर हात उगारलेला नाही. मला आत्ता सांगायचं नाही, हे निखिलने ठरवलं होतं. आईला धक्का बसेल, तिला सहन होणार नाही. एक छान ट्रिप होऊ दे, छान आठवणी घेऊन ती परत जाऊ दे, मग निवांत फोनवर सांगू.

फोनवर. मला. मी त्या बाकावर बसून हसले असते, पण केतकीला ते कळलं नसतं. ज्या बाईने लोकांच्या घरच्या मृत्यूच्या बातम्या रात्रंदिवस जोडून दिल्या, नवऱ्याला स्वतः हॉस्पिटलमधून घरी आणलं आणि मग घरून पुढे नेलं, तिचं काळीज सांभाळण्यासाठी तीन दिवसांचं हॉटेल बुक केलं होतं. आणि निळ्या थाळ्या. आणि राजाचं कुत्रं.

मी तिला विचारलं, की मग बिनसलं कशावरून.

"आई, राग मानू नका," ती म्हणाली. "तुमच्यावरून."

मी म्हटलं, की सांग.

ती म्हणाली, की बाबा गेल्यापासून निखिल दरवर्षी म्हणायचा, आता परत जायचं, आईसाठी. या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी. म्हणून कपाट घ्यायचं नाही, परत जायचंय. गाडी घ्यायची नाही, परत जायचंय. तिला बढतीची संधी आली तेव्हा म्हणाला, की कशाला, वर्षभरात जाणार. दुसरं मूल नको, तिकडे गेल्यावर बघू. ती बॅगेतून कपडे काढून घालायची, इतकी वर्षं. कधी भांडण झालं की तो म्हणायचा, माझी आई तिथे एकटी बसलीय आणि तुला कपाट सुचतंय. मग ती गप्प व्हायची, कारण त्यावर काय बोलणार. ज्या दिवशी तिने स्वतःच्या पगारातून घर घ्यायचा विषय काढला, त्या दिवसापासून तो महिनाभर बोलला नाही. मग ती म्हणाली, की तू जा, खरंच जा, मी आणि ईरा इथे राहतो. तो गेला. पुण्याला नाही, रॉटरडॅमला.

सांगून झाल्यावर ती म्हणाली, "तुम्ही त्याला बोलावत होता का, आई? मला एकदा तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

"एकदाही नाही," मी म्हटलं.

तिने मान हलवली. तिला ते माहीत असावं. समोरून एक बोट गेली. त्यातले सगळे लोक माइकवाल्याच्या कुठल्याशा विनोदावर एकदम हसले आणि आमच्याकडे बघून त्यांनी हात हलवले. मीही हलवला. तिथे तशी पद्धत आहे.

आता इतक्या दिवसांनी त्या बाकाचा विचार करते तेव्हा मला चीड येते ती खोट्याची नाही. खोटं सगळेच बोलतात, मी ऐकलेलं आहे. चीड येते ती माझं जे सोंग त्याने तिथे उभं केलं होतं, त्याची. खिडकीत बसून मुलाची वाट बघणारी, डोळ्याला पदर लावणारी कुणी म्हातारी. मी इथे सकाळी पोहायला जाते. माझा मैत्रिणींचा पत्त्यांचा अड्डा आहे, सोसायटीच्या कमिटीत मी भांडते, मला दुपारी दोन तास कुणी फोन केलेला चालत नाही. आणि तिकडे एका परक्या गावातल्या स्वयंपाकघरात माझ्या नावाची ती बाई वर्षानुवर्षं माझ्या सुनेला कपाट घेऊ देत नव्हती.

निखिल चार तिकिटं घेऊन परत आला. बरीच खटपट करून पुढच्या बोटीची मिळाली, म्हणाला. मी उठले आणि म्हटलं, की मला तुझी रॉटरडॅमची खोली बघायची आहे. त्याने केतकीकडे पाहिलं. केतकीने त्याच्याकडे न पाहता ईराचा हात धरला आणि म्हणाली, की आम्ही दोघी बोटीत जातो, तुम्ही जाऊन या.

डेल्फ्टहून रॉटरडॅम अगदी जवळ. ट्रेनमध्ये तो माझ्यासमोर बसला, पण बाहेर बघत होता. जमीन सपाट, गाई सपाट, आभाळही बसकं. लहानपणी शाळेतून बोलावणं आलं की हा असाच रिक्षात बाहेर बघत बसायचा. मी त्याला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने गाईंबद्दल माहिती दिली असती.

रॉटरडॅम मला पाहता क्षणी आवडलं. कुरूप शहर आहे. उंच, बेढब इमारती, धडधडत जाणाऱ्या ट्राम, घाईतली माणसं, आणि कुणालाही कुणाचा फोटो काढायची इच्छा नाही. स्टेशनातून मेट्रो घेतली, मग थोडं चालणं. निखिलने माझं कोपर धरलं होतं. त्या ट्रिपमध्ये माझी दोन्ही कोपरं सतत कुणाच्या ना कुणाच्या ताब्यात होती. मी ते सोडवून घेतलं.

खोली वरच्या मजल्यावर. एक पलंग, एक टेबल, दोन खुर्च्या. भिंतीला टेकवून ईरासाठी घडीची खाट, तिच्यावर सशाचं चित्र असलेली उशी. स्वयंपाकाच्या ओट्यावर भारतातला कुकर, त्याची शिटी काढून शेजारी ठेवलेली. खिडकीला पडदा नव्हता. दूरवर बंदरातल्या क्रेन दिसत होत्या, रांगेने माना वर करून उभ्या. कपाट मात्र होतं. नवं कोरं, दोन दारांचं. त्यावरचं स्टिकरही अजून काढलं नव्हतं.

तो दारातच उभा राहिला, जणू मी तपासणीला आले होते. मी खुर्चीवर बसले. गुडघे खरंच दुखत होते.

"आई, चिडलीस?" त्याने विचारलं.

"माझ्यासाठी परत यायचं, हे तू कुणाला विचारून ठरवलंस?"

"तू एकटी होतीस."

"एकटी होते. बोलावलं नव्हतं."

तो पलंगाच्या कडेवर बसला. म्हणाला, की मला वाटायचं, तुला हे ऐकून बरं वाटेल.

"मला नाही," मी म्हटलं. "तुला बरं वाटायचं."

खाली रस्त्यावरून ट्राम गेली आणि ओट्यावरच्या कुकरचं झाकण किंचित थरथरलं. मग तो बोलायला लागला. इतक्या हळू, की मी खुर्ची पुढे ओढली. म्हणाला, की त्याला परत यायचंच नव्हतं. कधीच नव्हतं. त्याला इथलं आवडतं, ही सपाट जमीनसुद्धा आवडते. पण बाबा गेले तेव्हा तो बारा दिवसांत परत फिरला, विमानात बसल्यावर त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की त्याने ठरवलं, आपण परत जाणार आहोत. ठरवल्यावर लाज कमी झाली. मग दरवर्षी ठरवावं लागलं.

मी ऐकून घेतलं. माझ्या आत कुठेतरी दया आली असावी. पण दयेहून मोठा तिटकारा होता, तो मी लपवला नाही. एका माणसाने स्वतःची लाज भागवण्यासाठी दोन बायकांचं आयुष्य अडवून धरलं, त्यातली एक तर हजारो मैलांवर पत्ते खेळत होती, तिला पत्ताच नव्हता. आणि वर सगळ्यांना हा मुलगा किती आईवेडा म्हणून कौतुक. माझ्या धाकट्या जावेने तर त्याचं उदाहरण स्वतःच्या मुलाला दिलं होतं.

"पुन्हा माझं नाव वापरायचं नाहीस," मी म्हटलं. "कशालाच नाही. भांडायला नाही, आणि चांगलं दिसायलाही नाही. जे हवं ते स्वतःच्या नावावर माग."

तो हो म्हणाला. मग त्याने चहा केला. चांगला केला. आम्ही तो खिडकीशी बसून प्यायलो आणि त्याने मला क्रेन कशा चालतात ते सांगायला सुरुवात केली. मी म्हटलं, की गप्प बस जरा. तो बसला. त्या संपूर्ण सहलीत मला खरोखर बघावंसं वाटलेलं दृश्य तेवढंच: एक जहाज, अवाढव्य, आणि त्यावरून एकेक डबा उचलणारा तो लोखंडी हात. माहिती नसताना छान दिसत होतं.

संध्याकाळी डेल्फ्टला परतलो. चौकात टेबलं मांडली होती, ऊन अजून रेंगाळत होतं, चर्चच्या मनोऱ्यावर कसलीशी घंटा लांबलचक वाजत होती. केतकीने आम्हाला पाहिलं आणि तिला कळलं. जेवताना निखिल उद्याच्या ट्रेनबद्दल सांगू लागला तेव्हा ती मधेच म्हणाली, की ती ट्रेन रविवारी नसते, तुला किती वेळा सांगितलं. तो म्हणाला, असते. ती म्हणाली, नसते. ईरा दोघांकडे बघून बटाटे खायची थांबली. मग तिने मला हळूच मराठीत विचारलं, "आजी, तुला सांगितलं का त्यांनी?"

तिची मराठी मी तेव्हा पहिल्यांदा सरळ ऐकली. मी हो म्हटलं. ती म्हणाली, "बरं झालं," आणि पुन्हा बटाट्यांकडे वळली. तेवढ्याशा मुलीला आठवडाभर आजीसमोर तोंड सांभाळायला लावलं होतं. त्या क्षणी मला दोघांनाही त्या स्वच्छ कालव्यात ढकलून द्यावंसं वाटलं.

पुढचे दिवस मी नीउ-व्हेनेपला राहिले, केतकीकडे. निखिल आपल्या खोलीवर गेला. मी केतकीला म्हटलं, की आता कपाट घेऊ या. आम्ही दोघी जाऊन ते घेऊन आलो, सुटे भाग असलेलं. जोडायला अख्खा रविवार गेला. एक दार उलटं बसलं, ते तसंच आहे. ती मला अजून आई म्हणते. कागदोपत्री आता तिचं आणि माझं काही नातं नाही. नात्यांचे कागद करणाऱ्या कचेऱ्यांबद्दल मला काय वाटतं ते मी इथे लिहीत नाही.

पुण्यात परतल्यावर मी सगळ्यांना सरळ सांगितलं. जावेने डोळ्याला पदर लावला, जणू तिचंच कुणी गेलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, की तुम्ही त्यांना समजावलं नाहीत का, तिथे असूनही? मी म्हटलं, मी डेल्फ्ट बघत होते.

यंदाचा मे जास्तच तापला आहे. केतकीचा फोन एप्रिलमध्येच आला, की या, ईराला सुट्टी आहे, मी दिवसभर कामाला असते, तुम्ही तुमचं काय ते करा. अशा बोलावण्याला मी नाही कशी म्हणणार. मग परवा निखिलचा आला. तिकडची हवा किती छान आहे ते त्याने सांगितलं. तुला उकाड्यातून सुटका मिळेल, म्हणाला. ईरालाही तुझ्यासोबत राहायचं आहे, म्हणाला. मी काही बोलले नाही. इतकी वर्षं ऑपरेटरचं काम केल्यावर लाइन धरून ठेवणं मला जड जात नाही. तिकडे त्याच्या खिडकीखालून ट्राम गेल्याचा आवाज आला.

"आई," तो म्हणाला, "मला तू यायला हवी आहेस. माझ्याकडे. मला करमत नाही इथे."

एवढं साधं वाक्य बोलायला त्याचे केस पांढरे व्हावे लागले. मी तसं म्हणाले नाही. मी म्हटलं, की स्टेशनावर घ्यायला येऊ नकोस, मेट्रो कुठली आणि कुठल्या बाजूने बाहेर पडायचं तेवढं सांग.

त्याने सांगितलं. सावकाश, नीट, कुठल्या कोपऱ्यावर फुलांचं दुकान आहे आणि लिफ्टचं कुठलं बटण अडकतं, तेही.

"मी आले की घरी असशील ना?" मी विचारलं.

"असेन," तो म्हणाला.